मान-चेहऱ्याच्या चिवट जखमा आणि ऋणदाब उपचार

आरोग्य प्रतिनिधी

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, गाठ संपूर्ण निघाली, असे डॉक्टरांनी सांगितले की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात मात्र काही रुग्णांची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. आठ-दहा दिवसांनी मानेवरचे टाके सैल पडतात, त्वचेच्या कडा काळवंडतात, पट्टी पुन्हा पुन्हा ओली होऊ लागते आणि तो ओलावा लाळेचा असल्याचे ध्यानात येते. अशी जखम आठवडेच्या आठवडे भरून येत नाही. रोज ड्रेसिंग, रोज वेदना आणि रोज तीच निराशा, असा क्रम सुरू होतो.

हा प्रश्न केवळ जखमेपुरता नसतो. कर्करोग पुढच्या टप्प्याचा असेल तर शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यावे लागतात आणि ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत, असा वैद्यकीय संकेत आहे. जखम उघडी असताना किरणोपचार सुरू करणे अवघड होते आणि लांबवावेत तर उरलेल्या कर्कपेशींना संधी मिळते. म्हणजेच मानेवरची न भरणारी जखम हा प्रत्यक्ष कर्करोगाच्या उपचारातलाच अडथळा ठरतो. या अडचणीतून वाट काढण्यासाठी गेल्या दोन दशकांत जो उपाय रुग्णालयांत रुळला, त्याचे नाव निगेटिव्ह प्रेशर वुंड थेरपी. मराठीत त्याला ऋणदाब उपचार म्हणता येईल. वॉर्डात मात्र ‘व्हॅक लावणे’ हाच शब्दप्रयोग प्रचलित आहे.

आपल्याकडे या विषयाचे महत्त्व अधिक आहे. भारतात २०२२ या एका वर्षात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. भारतीय पुरुषांमध्ये तो पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखू-चुना मळण्याची सवय सुटलेली नाही. त्यामुळे जबडा, जीभ, गालाचा आतला भाग यांवरील मोठ्या शस्त्रक्रिया आपल्या रुग्णालयांत नित्याच्या आहेत आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या अवघड जखमाही.

मानेचीच जखम अवघड का?

हाताला वा पाठीला झालेली जखम कोरडी, स्वच्छ ठेवता येते. तोंड आणि मान यांच्या बाबतीत ते शक्य होत नाही. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. त्या लाळेत असंख्य जिवाणू असतात आणि अन्न पचविणारी विकरेही असतात. शस्त्रक्रियेत तोंडाच्या किंवा घशाच्या आतून घातलेले टाके एखाद्या ठिकाणी सुटले तर लाळ मानेत उतरते, तेथील ऊती सडवते आणि अखेर त्वचेतून बाहेर पडते. आतून बाहेर झालेल्या या चोरवाटेला फिस्टुला म्हणतात. स्वरयंत्र काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ही गुंतागुंत विशेषतः दिसते. रुग्ण प्रत्येक वेळी आवंढा गिळतो तेव्हा त्या वाटेवर पुन्हा ताण येतो.

दुसरे कारण आधी दिलेल्या किरणोपचारांचे. किरणांमुळे कर्कपेशी मरतात, त्याबरोबर त्या भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्याही अरुंद होतात आणि ऊती कडक पडतात. बाहेरून त्वचा ठीक दिसते, परंतु तिला होणारा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. अशा जागी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली तर जखम भरण्यास लागणारे प्राणवायू आणि पोषण तेथपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. फिस्टुलाचे प्रमाण अशा रुग्णांत वाढते, ते यामुळेच.

तिसरे कारण रुग्णाच्या प्रकृतीचे. तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, म्हणून अनेक रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वीच कित्येक आठवडे अर्धपोटी असतात. त्यात मधुमेह, रक्तक्षय, वर्षानुवर्षांची तंबाखू यांची भर असते. मानेवर किरणोपचार झालेल्या काहींत कंठस्थ ग्रंथी म्हणजे थायरॉइड मंदावते आणि तेही जखम न भरण्याचे एक कारण असते.

चौथे कारण सर्वांत गंभीर आहे. या जखमेच्या तळाशी कॅरोटिड ही मेंदूला रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी असते. मानेतील गाठी काढताना तिच्यावरचे आवरण कमी झालेले असते. लाळ आणि पू तिच्या भोवती साचून राहिले तर तिची भिंत झिजू शकते आणि ती फुटली तर काही मिनिटांत प्राण जाऊ शकतात. मानेच्या जखमेकडे पाहताना शल्यचिकित्सकाच्या मनात ही भीती सतत असते.

यंत्र कसे असते?

कल्पना साधी आहे. प्रथम मृत, काळपट ऊती कापून जखम स्वच्छ केली जाते. मग जखमेच्या आकाराचा, बारीक छिद्रांचा निर्जंतुक स्पंज कापून तो जखमेत बसवितात. साधारणपणे हा पॉलियुरेथेनचा काळा स्पंज असतो आणि त्याची छिद्रे ४०० ते ६०० मायक्रॉन इतकी असतात. त्यावर आणि भोवतीच्या निरोगी त्वचेवर पारदर्शक, चिकट पडदा लावून सारे हवाबंद करतात. पडद्याला एक छोटे भोक पाडून तेथे नळी जोडतात. नळीचे दुसरे टोक यंत्रातील डब्याला जोडलेले असते. यंत्र सुरू केले की आतली हवा खेचली जाते, स्पंज आक्रसून टणक होतो आणि जखमेतला स्राव डब्यात जमा होऊ लागतो.

दाब किती असावा, यालाही मोजमाप आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो. स्पंजाखाली तो त्यापेक्षा १२५ मिलिमीटरने कमी ठेवणे, ही प्रचलित पातळी होय. यालाच ‘उणे १२५’ म्हणतात. मान आणि चेहऱ्याच्या नाजूक ऊतींवर, किंवा नुकत्याच बसविलेल्या फ्लॅपच्या जवळ, अनेक शल्यचिकित्सक त्याहून सौम्य दाब ठेवतात. संसर्ग नसेल तर स्पंज साधारण ४८ ते ७२ तासांनी बदलतात. संसर्ग असेल तर तो त्याआधीच बदलावा लागतो. यंत्र दिवसाकाठी दोन तासांहून अधिक बंद राहिले तर स्पंज काढून साधे ड्रेसिंग करावे, असा दंडक आहे. शोषण थांबलेला ओला स्पंज म्हणजे जंतूंना वाढण्यासाठी आयती जागाच.

जखमेत नेमके काय घडते?

या उपचाराचे परिणाम तीन-चार प्रकारचे मानले जातात. स्पंज आक्रसला की जखमेच्या कडा एकमेकींजवळ ओढल्या जातात. साचलेला स्राव निघून जातो आणि सूज उतरते. जखम झाकलेली, ओलसर आणि उबदार राहते. जखम कोरडी पडून खपली धरण्यापेक्षा ओलसर राहिली तर तिच्यावर नवी त्वचा लवकर पसरते, हे जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांतून १९६२ मध्ये दाखविले होते. चौथा परिणाम सूक्ष्म पातळीवरचा. स्पंजाच्या प्रत्येक छिद्रात ऊती किंचित वर खेचल्या जातात, पेशींवर ताण पडतो आणि ताणलेल्या पेशी विभाजनास प्रवृत्त होतात. त्यातून तळाशी लालसर, दाणेदार मांसांकुर वाढू लागतात. जखम भरण्याची ही पहिली खूण.

रक्तपुरवठ्याबाबत मात्र एक मतभेद जाणून घेणे आवश्यक आहे. सुरुवातीच्या प्रयोगांत उणे १२५ या पातळीला जखमेभोवतीचा रक्तप्रवाह चौपट झाल्याचे आढळले होते. पुढे २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनच्या शल्यचिकित्सकांनी वेगळे निरीक्षण मांडले. स्पंजाच्या आत दाब उणा असला तरी आक्रसणारा स्पंज खालच्या ऊतींना दाबतो आणि ऊतींमधील दाब वाढतो, असे त्यांनी दाखविले. निरोगी ऊतींना हा दाब सोसतो. ज्यांचा रक्तपुरवठा आधीच अपुरा आहे, अशा किरणोपचार झालेल्या ऊतींना तो जड जाऊ शकतो. मानेवर कमी दाब वापरण्यामागे हा विचार आहे.

तुंबडीपासून विन्स्टन-सेलमपर्यंत

शरीरावर पोकळी निर्माण करून काही खेचून घेण्याची कल्पना आपल्याला अपरिचित नाही. तुंबडी लावणे हा प्रकार खेड्यापाड्यांत काल-परवापर्यंत चालत असे आणि सुश्रुतसंहितेतही शिंग व अलाबू म्हणजे भोपळ्याची तुंबडी यांचा उल्लेख रक्तमोक्षणाच्या संदर्भात येतो. साम्य मात्र तेवढ्यावरच संपते. तुंबडीचा हेतू रक्त काढण्याचा होता. ऋणदाब उपचारात मोजून-मापून ठेवलेला दाब दिवसरात्र चालू असतो आणि त्यात रक्त येणे ही धोक्याची सूचना असते.

आधुनिक उपचाराची वाटचाल टप्प्याटप्प्याने झाली. अमेरिकेत चॅरिकर आणि जेटर यांनी १९८९ मध्ये ओलसर गॉज आणि सक्शन यांचा वापर करून फिस्टुला असलेल्या पोटाच्या जखमा आटोक्यात आणण्याची पद्धत मांडली. जर्मनीत फ्लाइशमान यांनी १९९३ मध्ये उघड्या अस्थिभंगांच्या जखमांवर स्पंज आणि शोषण यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात, विन्स्टन-सेलम येथील वेक फॉरेस्ट विद्यापीठातील प्लॅस्टिक सर्जन लुईस अर्जेंटा आणि संशोधक मायकेल मॉरिक्वास यांनी या पद्धतीला आजचे रूप दिले. त्यांच्या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये परवानगी दिली. त्यांचे दोन गाजलेले शोधनिबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. एकात डुकरांवरील प्रयोग होते, तर दुसऱ्यात ३०० जखमांचा अनुभव होता. त्यांपैकी २९६ जखमांना गुण आल्याचे त्यांनी नोंदविले होते.

पाय, पाठ, पोट आणि छाती यांवर ही पद्धत झपाट्याने पसरली. मान व चेहऱ्याचे शल्यचिकित्सक मात्र बराच काळ बिचकत होते. लाळ, श्वासमार्ग आणि कॅरोटिड ही त्यामागची तीन कारणे होती. २००५ च्या सुमारास या क्षेत्रातील नियतकालिकांत थोड्याथोडक्या रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध होऊ लागले आणि हळूहळू ही दारेही उघडली.

कोणत्या जखमांना उपयोग?

मान व चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांत हा उपचार प्रामुख्याने पुढील प्रसंगी वापरला जातो.

टाके सुटून उघडी पडलेली मानेची जखम : मृत ऊती काढल्यानंतर उरलेली खोल पोकळी मांसांकुरांनी भरून यावी, म्हणून.

लाळेचा फिस्टुला : लाळ जखमेत साचू न देता बाहेर वळवावी आणि कॅरोटिडपासून दूर ठेवावी, म्हणून. आतले भोक मोठे असेल तर तोंडातूनच हवा आत शिरते आणि पोकळी टिकत नाही. त्यामुळे आधी आतली बाजू बंद करणे किंवा घशात लाळेला वाट देणारी नळी बसविणे भाग पडते.

मानेतील झपाट्याने पसरणारा जंतुसंसर्ग : किडलेल्या दाढेपासून सुरू झालेला संसर्ग कधी कधी मानेच्या थरांतून छातीपर्यंत उतरतो. अशा वेळी सडलेला भाग कापल्यावर मोठी उघडी जागा उरते.

डोक्याची उघडी कवटी : हाडावरचे पातळ आवरण नष्ट झाले असेल तर त्यावर त्वचारोपण टिकत नाही. हाडाचा बाहेरचा थर घासून रक्त येणारा थर उघडा करतात, त्यावर ऋणदाब लावून मांसांकुर वाढवितात आणि मग त्वचा बसवितात.

त्वचारोपण जागेवर धरून ठेवणे : जबडा वा जीभ पुन्हा घडविण्यासाठी मनगटाकडची त्वचा किंवा पायाचे फिब्युला हाड घेतले जाते. त्या रिकाम्या जागेवर लावलेली पातळ त्वचा सरकू नये, तिच्याखाली पाणी साचू नये, यासाठी चार-पाच दिवस हा स्पंज उपयोगी पडतो. या कामात त्याच्या उपयुक्ततेबद्दल फारसा वाद नाही.

हवाबंद करण्याची कसरत

पाठीवर चिकट पडदा लावणे सोपे. हनुवटीखाली, कानामागे, ओठाच्या कोपऱ्याशी तो लावणे हे कौशल्याचे काम आहे. दाढीचे खुंट, घाम, लाळ, मान वळविण्याची हालचाल, शेजारीच असलेले श्वासनलिकेचे भोक आणि त्यातील नळी, या साऱ्यांमुळे कोठून ना कोठून हवा शिरते आणि यंत्राचा इशारा वाजू लागतो. त्यासाठी त्वचा नीट दाढी करून कोरडी करतात, आतड्याच्या स्टोमाभोवती वापरतात तशी लेपासारखी पेस्ट खाचाखोचांत भरतात, पडदा एकसंध न लावता लहान पट्ट्यांनी जोडत नेतात. श्वासाच्या भोकाजवळ पडद्याची कड सुटून नळीकडे खेचली जाणार नाही, याची खबरदारी घ्यावी लागते. पहिला पडदा बसविण्यास कधी कधी तास-दीड तास जातो आणि पहिल्या एक-दोन वेळा ते शस्त्रक्रियागृहात, भूल देऊन करणेच श्रेयस्कर ठरते.

रुग्णाच्या दृष्टीने फायदा मोठा आहे. दिवसातून दोन-तीनदा होणारे ड्रेसिंग दोन-तीन दिवसांतून एकदा होते. अंगावर लाळ ओघळत नाही, दुर्गंधी कमी होते. कपडे आणि उशी कोरडी राहिली की रुग्ण माणसांत बसू लागतो. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला दुर्गंधीची लाज किती छळते, हे घरच्यांना ठाऊक असते.

सर्वांत मोठा धोका

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये या उपचाराबाबत जाहीर सूचना काढली. आधीच्या दोन वर्षांत ६ मृत्यू आणि ७७ इजा त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या. फेब्रुवारी २०११ मध्ये सुधारित सूचना आली, तेव्हा २००७ पासूनची एकूण नोंद १२ मृत्यू आणि १७४ इजा अशी झाली होती. रक्तस्राव ही त्यातील सर्वांत गंभीर गुंतागुंत होती. जखमेत राहून गेलेले स्पंजाचे तुकडे आणि त्यातून झालेला संसर्ग यांचाही उल्लेख होता. बरेच मृत्यू रुग्णालयात नव्हे, तर घरी किंवा दीर्घ शुश्रूषेच्या ठिकाणी झाले होते.

ज्या परिस्थितीत हा उपचार करू नये, अशी यादीच त्या सूचनेत आहे. उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या, नसा वा अवयव, जखमेत शिल्लक असलेला कर्करोग, न काढलेल्या मृत ऊती, उपचार न केलेला हाडाचा जंतुसंसर्ग आणि तपास न झालेला फिस्टुला ही त्यातील मुख्य नावे. ही यादी वाचताना मानेची जखमच डोळ्यांसमोर येते. म्हणूनच या भागात ‘व्हॅक लावता येईल का’ यापेक्षा ‘स्पंजाच्या खाली काय आहे’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

कॅरोटिड उघडी असेल तर स्पंज थेट तिच्यावर ठेवणे धोक्याचे असते. प्रथम तिच्यावर निरोगी, रक्तपुरवठा असलेल्या स्नायूचे पांघरूण घालावे लागते. ती झाकलेली आहे याची खात्री झाली तरी मध्ये न चिकटणारा थर ठेवणे, दाब कमी ठेवणे आणि स्पंज काढताना तो सलाइनने भिजवून सावकाश सोडविणे, ही पथ्ये पाळली जातात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांत धोका वाढतो. किरणोपचार झालेल्या मानेत तर अधिकच.

जखमेत कर्करोग परतला असण्याची शंका असेल, तर मांसांकुरांना चालना देणारा उपचार तेथे करू नये, हा नियमही तितकाच महत्त्वाचा आहे. किरणोपचारानंतर न भरणारी जखम म्हणजे कधी कधी परतलेला कर्करोगच असतो. म्हणून शंका असल्यास यंत्र लावण्यापूर्वी जखमेच्या कडेचा तुकडा तपासणीला पाठविणे आवश्यक ठरते.

पुरावा काय सांगतो?

ऋणदाब उपचाराचा बोलबाला मोठा असला तरी पुरावा सर्वत्र सारखा भक्कम नाही. टाके घालून बंद केलेल्या जखमांवर प्रतिबंधक म्हणून तो लावल्यास जंतुसंसर्ग काहीसा घटण्याची शक्यता आहे, असा निष्कर्ष २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात निघाला. उघड्या ठेवून भरू दिलेल्या शस्त्रक्रियेच्या जखमांबाबत चित्र वेगळे आहे. ब्रिटनमध्ये अशा ६८६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा या उपचाराने जखम लवकर भरते, असे त्यात दिसले नाही. या चाचणीतील बहुसंख्य जखमा पायांच्या होत्या, हे ध्यानात ठेवले पाहिजे. लाळेच्या फिस्टुलाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

मान व चेहऱ्याच्या जखमांवर आजवर जे प्रसिद्ध झाले, ते बहुतांशी लहान रुग्णसमूहांचे अनुभव आहेत. ते उत्साहवर्धक आहेत. परंतु ज्यांना गुण आला त्यांचेच अनुभव अधिक छापले जातात, हेही विसरून चालणार नाही. अनुभवी शल्यचिकित्सक म्हणूनच हा उपाय सरसकट न वापरता निवडक जखमांसाठी राखून ठेवतात.

यंत्र हा शेवट नव्हे

ऋणदाबाने जखम स्वच्छ होते, लहान होते, तिचा तळ तयार होतो. मोठी पोकळी मात्र बहुधा शरीराच्याच दुसऱ्या भागातील जिवंत ऊतींनी झाकावी लागते. छातीच्या मोठ्या स्नायूचा फ्लॅप स्टीफन एरियन यांनी १९७९ मध्ये वर्णिला आणि आजही तो भारतातील कर्करोग शल्यचिकित्सकांचा हुकमी आधार आहे. फ्लॅपच्या या विद्येशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. कपाळाची त्वचा वळवून नाक घडविण्याची पुण्यात झालेली शस्त्रक्रिया लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये चित्रासह छापली आणि युरोपातील शल्यचिकित्सकांचे लक्ष या पद्धतीकडे वेधले गेले. ज्या ऊतींना स्वतःचा रक्तपुरवठा आहे त्यांनीच जखम झाकावी, हे त्यामागचे तत्त्व आजही बदललेले नाही. ऋणदाब उपचार त्या शस्त्रक्रियेची पूर्वतयारी करून देतो आणि काही रुग्णांत तिची गरज टाळतो, इतकेच.

यंत्राइतकेच महत्त्व पोषणाला आहे. नाकातून पोटात घातलेल्या नळीवाटे पुरेशी प्रथिने आणि उष्मांक गेले नाहीत तर कोणताही स्पंज जखम भरून काढू शकणार नाही. रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड यांची तपासणी आणि तंबाखूचा पूर्ण त्याग, ही उपचाराची निम्मी बाजू आहे. ती बहुतांशी घरच्यांच्या हाती असते.

खर्च आणि देशी तोडगा

यंत्र भाड्याने मिळते. मात्र स्पंज, पडदा आणि डबा यांचा संच दर वेळी नवा लागतो आणि उपचार दोन-तीन आठवडे चालला तर खर्चाचा आकडा फुगत जातो. त्यामुळे अनेक भारतीय रुग्णालयांत निर्जंतुक केलेला साधा स्पंज किंवा गॉज, पारदर्शक पडदा, सक्शनची नळी आणि भिंतीतले सक्शन यांची जुळणी करून काम भागवितात. पाय वा पोटाच्या जखमांवर या तोडग्याचे चांगले अनुभव भारतीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. मानेच्या बाबतीत मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. भिंतीतल्या सक्शनला दाबाचा नियामक नसेल तर शोषण गरजेपेक्षा कितीतरी अधिक होऊ शकते. शिवाय गळती झाली किंवा डबा भरला तर इशारा देणारी घंटा त्यात नसते. अशी जुळणी मानेवर वापरायची असेल तर नियामक हवा आणि रात्रंदिवस लक्ष ठेवणारी परिचारिका हवी.

सरकारी आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया होत असेल, तर हा उपचार त्या रुग्णाच्या पॅकेजमध्ये बसतो का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच करावी.

नातेवाइकांनी विचारावेत असे प्रश्न

१. स्पंजाच्या खाली मोठी रक्तवाहिनी आहे का? असल्यास ती कशाने झाकली आहे?

२. जखमेत कर्करोग शिल्लक नाही, याची तपासणी झाली आहे का?

३. दाब किती ठेवला आहे आणि स्पंज कधी बदलणार?

४. स्पंजाचे किती तुकडे आत ठेवले, याची नोंद पडद्यावर आणि कागदावर केली आहे का? काढताना तितकेच मोजले जातात का?

५. किती दिवसांत फरक दिसायला हवा? दिसला नाही तर पुढचा मार्ग कोणता?

६. किरणोपचार कधी सुरू व्हायचे आहेत आणि त्या तारखेशी या उपचाराचा मेळ कसा घातला आहे?

यांखेरीज एक सूचना प्रत्येक घरात पाठ असावी. नळीत किंवा डब्यात अचानक ताजे, लाल रक्त दिसू लागले तर यंत्र ताबडतोब बंद करावे, पडदा न काढता जखमेवर हाताने घट्ट दाब द्यावा आणि त्या स्थितीतच रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. रक्त थोडेसेच आले आणि आपोआप थांबले, तरी ते दुर्लक्षिण्याजोगे नसते. कॅरोटिडमधून होणाऱ्या मोठ्या रक्तस्रावापूर्वी असा किरकोळ स्राव कधी कधी होऊन जातो. रुग्णाला वाचविण्यासाठी मिळणारा तोच अवधी असतो. मानेवर उघड्या जखमेसह यंत्र लावून रुग्णाला घरी पाठविताना शल्यचिकित्सक अतिशय सावध असतात, त्याचे कारणही हेच.

जखम भरणे हे शेवटी शरीराचेच काम आहे. मृत ऊती काढणे, लाळ दूर ठेवणे, रक्त पोहोचू देणे आणि अन्न पुरविणे, इतके झाले तर शरीर ते काम करते. ऋणदाबाचे यंत्र यांतील एक-दोन गोष्टी चांगल्या रीतीने साधते आणि सहा आठवड्यांच्या शर्यतीत काही मोलाचे दिवस वाचविते. ते कोणत्या जखमेवर लावावे, याहीपेक्षा कोणत्या जखमेवर लावू नये, हे ज्याला कळते त्या शल्यचिकित्सकाच्या हातीच ते शोभते.